बारा गावचं गोठलेलं पाणी

लग्नाच्या स्थळाच्या माहितीपत्रकात ‘नोकरी’ या रकान्यापुढे सतरा वर्षांत बारा ठिकाणं लिहिलेली असली, तर मुलीकडचे पुढचं काही वाचणारच नाहीत. ‘कुठे टिकत नाही हो मुलगा,’ एवढं म्हणून कागद बाजूला पडेल. मुलाखत घेणारा साहेबही तेच म्हणेल, फक्त इंग्रजीत.

आता हे माहितीपत्रक बघा. नाव माइक सिलिंजर. जन्म २९ जून १९७१, गाव कॅनडातलं रेजायना. व्यवसाय आइस हॉकी, जागा फॉरवर्डची. ठिकाणं अशी: डेट्रॉइट, अनाहाइम, व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टँपा बे, फ्लॉरिडा, ऑटवा, कोलंबस, फिनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल आणि शेवटी न्यूयॉर्क आयलंडर्स. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळातली जगातली सगळ्यात वरची पायरी. तिथे बारा वेगवेगळ्या संघांचे कपडे घालून खेळण्याचा विक्रम या माणसाच्या नावावर आहे. बारा गावचं पाणी प्यायलेला असं आपण सहज म्हणतो. यानं ते मोजून प्यायलं, तेही गोठलेलं.

बरं, टिकला नाही म्हणावं तर तो या लीगमध्ये १७ हंगाम आणि १,०४९ सामने खेळला. हजार सामने हा तिथे एवढा मोठा टप्पा मानतात, की तो गाठणाऱ्याला चांदीची हॉकी स्टिक देऊन गौरवतात. २४० गोल त्यानं स्वतः केले आणि ३०८ गोलांना हात लावला. वाईट खेळाडूला कोणी सतरा हंगाम पोसत नाही. मग चांगला होता, तर एकामागून एक अकरा संघांनी त्याला सोडला कसा? आणि अकरा जणांनी सोडलेला माणूस पुढच्याला हवासा कसा वाटत राहिला?

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, सारखा प्रवास करतो म्हणून हे नाव. तसं नाही. शब्दाचं मूळ फ्रेंचमधल्या ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दात आहे. उमेदवारी संपवून कसबात तयार झालेला, पण स्वतःचं दुकान नसल्यामुळे दुसऱ्याच्या दुकानात दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर तो जर्नीमन. आपल्याकडे त्याला रोजंदार म्हणतील. काम येतं, दुकान नाही. सिलिंजरचं कोडं सोडवायला ही व्याख्या फार उपयोगी आहे.

तिघांची तुकडी, पाऊण मिनिटाचा डाव

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. बर्फावरची हॉकी भारतात मुख्यतः लडाखची. लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर ती खेळतात. पण तिची रचना समजून घ्यायला हॉकीपेक्षा खो-खो बरा. खो-खोत बचाव करणारे तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात उतरतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी. आइस हॉकीतले फॉरवर्डही असेच तिघांच्या तुकडीनं उतरतात. फरक एवढाच, की इथे कोणी बाद होत नाही, दमतो. स्केट्सवर जीव तोडून धावणं साधारण पाऊण मिनिटच जमतं. त्यानंतर पाय जड होतात, म्हणून खेळ चालू असतानाच तुकडी कुंपणाकडे वळते आणि दुसरी कुंपणावरून आत उडी मारते. पंचांची परवानगी नाही, शिट्टी नाही.

अशा चार तुकड्या, म्हणजे बारा फॉरवर्ड. पण चारही सारख्या नसतात. पहिल्या दोन गोल करायला. तिसरीचं काम समोरच्या संघाच्या नामांकित तुकडीला जखडून ठेवणं. चौथी थोडाच वेळ उतरते, धडका देते, समोरच्यांना दमवते आणि बाकावर येऊन बसते. साठ मिनिटांच्या सामन्यात पहिल्या तुकडीतला खेळाडू वीस-बावीस मिनिटं बर्फावर असतो, चौथीतला जेमतेम दहा.

सिलिंजर सेंटर होता, म्हणजे तिघांतला मधला. गोल करण्याचं अंग त्याला होतं, पण बहुतेक संघांनी त्याला घेतलं ते दोन खास कामांसाठी.

पहिलं काम फेस-ऑफ. खेळ थांबला की पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचे सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात आणि लाइन्समन त्यांच्यामध्ये पक, म्हणजे रबराची चकती, टाकतो. सामन्यात हे पन्नास-साठ वेळा होतं. जिंकणारा पक मागे आपल्या माणसाकडे ओढतो; गहू निवडताना बोटानं खडा चटकन बाजूला सरकवावा, तसा. सगळा निकाल सेकंदाच्या आत लागतो. जाणता सेंटर त्या क्षणी पककडे बघतच नाही, लाइन्समनच्या हाताकडे बघतो. बोटं सैल होताहेत असं दिसलं की स्टिक हलवायची. फार लवकर हलवली तर पंच त्याला वर्तुळाबाहेर काढतो आणि दुसऱ्याला उभं करतो. खालचा हात उलटा धरायचा की सुलटा, स्टिकचं पातं पकवर मारायचं की आधी समोरच्याच्या स्टिकवर, कोणत्या बाजूच्या वर्तुळात कोणती युक्ती चालते, हे शिकायला वर्षं जातात. हरलात तर पक समोरच्याकडे, आणि पुढचं अर्धं मिनिट नुसतं मागे धावायचं.

दुसरं काम शिक्षेच्या वेळचं. एखाद्यानं फाउल केला की त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळतो. चौघं विरुद्ध पाच. हे चौघं गोलसमोर चौकोन धरतात, तो पकबरोबर सरकवत ठेवतात आणि समोरून फटका आला की अंगावर झेलतात. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारं रबर नडगीवर घ्यायला कोणाला आवडेल? तरी प्रत्येक संघात दोन-चार माणसं हेच करून पोट भरतात.

या दोन्ही कामांचं वैशिष्ट्य असं, की ती कुठल्याही संघात जशीच्या तशी लागतात. गोल करणाऱ्या तुकडीतल्या तिघांना एकमेकांच्या सवयी मुरवायला महिने लागतात. फेस-ऑफ जिंकणाऱ्याला फक्त पक मागे ओढायचा असतो, आणि मागे कोण उभं आहे यानं फारसं बिघडत नाही. पंगतीतल्या तयार वाढप्यासारखं आहे हे. कार्यालय बदललं, यजमान बदलले, तरी त्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण कार्य संपल्यावर त्याला घरी ठेवूनही कोणी घेत नाही.

चौकट: दोन मिनिटांत आइस हॉकी

मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद, कोपरे गोलाकार, भोवती कुंपण. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन फॉरवर्ड. सामन्याला वीस खेळाडू तयार ठेवतात. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत. पक ३ इंच व्यासाचा, १ इंच जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी तो गोठवून ठेवतात. २०२५-२६ पर्यंत हंगामात प्रत्येक संघाचे ८२ साखळी सामने. त्यानंतर बाद फेरी, आणि तिच्या शेवटी स्टॅनली कप.

पहिली पसंती, पण जागा कुठे?

एनएचएलमध्ये मुलगा आपल्या मर्जीनं संघ निवडत नाही. दरवर्षी तरुण खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. संघ पाळीपाळीनं नावं उचलतात. साधारणपणे आदल्या वर्षी खराब खेळलेल्यांची पाळी आधी येते. नाव उचललं की त्या मुलावर त्या संघाचा हक्क.

जून १९८९ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जनं आपल्या पहिल्याच पाळीला, एकूण अकराव्या क्रमांकावर, सिलिंजरला उचललं. अठरा पूर्ण व्हायला त्याला काही दिवस बाकी होते. रेजायनाच्याच ज्युनियर संघाकडून त्यानं एका हंगामात पन्नासहून अधिक गोल केले होते. पुढचा मोठा खेळाडू म्हणूनच सगळे त्याच्याकडे पाहत होते.

गंमत पुढे आहे. त्याच दिवशी डेट्रॉइटनं तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर, निक्लास लिडस्ट्रोम नावाचा स्वीडिश मुलगा घेतला आणि चौथ्या फेरीत, ७४ व्या क्रमांकावर, सोव्हिएत संघातला सर्गेई फेदोरोव्ह. लिडस्ट्रोम पुढे या खेळातल्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंत गणला गेला. फेदोरोव्ह १९९० मध्ये देश सोडून डेट्रॉइटला पोहोचला, आणि तो होता सेंटर. स्टीव्ह आयझरमन हा संघाचा कप्तान आधीच पहिल्या तुकडीचा सेंटर होता. आता दुसऱ्या तुकडीची जागाही गेली. वर १९९० च्या ड्राफ्टमधून कीथ प्रिमो हा आणखी एक उंचापुरा सेंटर आला.

म्हणजे सिलिंजर कमी पडला म्हणून मागे राहिला असं सरळ म्हणता येत नाही. त्याच्या पुढे रांगेत जे उभे होते, त्यांच्यातले दोघं पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. तो कधी डेट्रॉइटच्या बाकावर, कधी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या छोट्या गावी त्यांच्या दुय्यम संघात, असा लोंबकळत राहिला. दुसऱ्या एखाद्या संघानं उचलला असता तर कदाचित एकाच गावी आयुष्य गेलं असतं. डेट्रॉइटचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १९९७ आणि १९९८ असे सलग दोन स्टॅनली कप त्यांनी जिंकले. सिलिंजरला तो कप कधीच मिळाला नाही.

बोहारणीचा हिशेब

एप्रिल १९९५ मध्ये पहिली अदलाबदल झाली. इथे पैसे देऊन खेळाडू विकत घेण्याची रीत नाही, वस्तूच्या बदल्यात वस्तू. दारावर येणाऱ्या बोहारणीशी आपली आई जसा व्यवहार करायची, तसा: दोन साड्या आणि एक शर्ट द्यायचा, स्टीलचा डबा घ्यायचा, तिचं समाधान होत नसेल तर वर एक जुनी पँट. या बाजारात वरच्या पँटचं काम ड्राफ्टची पाळी करते. ‘आमच्याकडून दोन खेळाडू घ्या, शिवाय पुढच्या वर्षीची आमची सहाव्या फेरीची पाळी तुम्ही वापरा,’ अशी बोली होते.

डेट्रॉइटनं सिलिंजर आणि जेसन यॉर्क यांना अनाहाइमला दिलं. बदल्यात मिळाला स्टू ग्रिमसन, जो मुख्यतः मारामारीसाठी ओळखला जायचा, शिवाय एक बचावपटू आणि सहाव्या फेरीची एक पाळी. बाद फेरीच्या तोंडावर डेट्रॉइटला धटिंगण हवा होता, अनाहाइमला नवा संघ उभा करायला तरुण हात हवे होते. व्यवहार दोघांच्या गरजांचा होता, सिलिंजरचा खेळ चांगला की वाईट हा मुद्दाच नव्हता.

पुढच्या व्यवहारांत तर विनोद आहेत. डिसेंबर १९९८ मध्ये फिलाडेल्फियाला मिकाएल रेनबर्ग आणि डेमंड लँगकाउ हवे होते, म्हणून ख्रिस ग्रॅटनबरोबर सिलिंजरला टँपाला धाडलं. मार्च २००१ मध्ये फ्लॉरिडानं त्याला ऑटवाला दिलं ते ‘पुढे बघू’ या बोलीवर. त्यांच्या कागदोपत्री भाषेत हा रीतसर मोबदला आहे, आपण त्याला उधारी म्हणू. आणि जुलै २००३ मध्ये कोलंबसनं त्याला डॅलसला दिलं, डॅलसनं त्याच दिवशी फिनिक्सला. डॅलसचा तो काही तासांपुरता खेळाडू होता. बर्फावर पाऊलही पडलं नाही, म्हणून त्या संघाचं नाव बारांत धरत नाहीत.

आयपीएलमध्येही फिरस्ते आहेत. ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅरन फिंच नऊ संघांकडून खेळला. पण तिथला बराचसा फेरफार लिलावातून होतो आणि लिलावात आपलं नाव घालायचं की नाही हे तरी खेळाडू ठरवतो. एनएचएलमध्ये करारात तसं कलम लिहून घेतलेलं नसेल, तर अदलाबदलीला नाही म्हणण्याचा अधिकार नाही. हे कलम वजनदार खेळाडूंना मिळतं. बाकीच्यांना फोन येतो, ‘उद्या तिकडे हजर व्हा.’ सिलिंजर एका संघात ड्राफ्टनं गेला, नऊ संघांत अदलाबदलीनं. स्वतः करार करून त्यानं निवडलेले संघ दोनच: २००१ मध्ये कोलंबस आणि २००६ मध्ये आयलंडर्स. मला विचाराल तर, खेळाडूंच्या संघटनेनं मान्य केलेली असली तरी ही पद्धत माणसाला सामानासारखं वागवते.

संघ वाढले

आता एक हिशेब, जो त्या बारा नावांकडे नुसतं पाहून लक्षात येत नाही. सिलिंजरचा ड्राफ्ट झाला तेव्हा लीगमध्ये २१ संघ होते. १९९२ मध्ये ऑटवा आणि टँपा बे आले, १९९३ मध्ये अनाहाइम आणि फ्लॉरिडा, १९९८ मध्ये नॅशव्हिल, २००० मध्ये कोलंबस. मध्ये आणखीही काही आले आणि २००० पर्यंत संघ ३० झाले. सिलिंजरच्या बारांपैकी हे सहा त्याच्या ड्राफ्टच्या दिवशी अस्तित्वातच नव्हते! सातवा, फिनिक्स, १९९६ मध्ये विनिपेगहून उठून वाळवंटात आला.

उष्ण गावांत बर्फाचा खेळ कशाला? नवा प्रेक्षक मिळावा म्हणून. तांत्रिक अडचण फारशी नाही. काँक्रीटच्या खालून थंड द्रवाच्या नळ्या फिरवायच्या आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवायचे. फ्रीजरच्या तळाला जमतो तसला बर्फ, फक्त सपाट आणि जेमतेम इंचभर जाड. बाहेर चाळीस अंश असलं तरी आत खेळ चालतो.

खरी अडचण माणसांची. नऊ नवे संघ म्हणजे शंभराहून अधिक नवे फॉरवर्ड. जगातले उत्तम खेळाडू काही एका दशकात दीडपट होत नाहीत. नव्या संघांच्या वाट्याला तारे येत नाहीत. त्यांना हवी असतात जाणती, भरवशाची माणसं, जी पोरांना उभं राहायला शिकवतील. नव्या वसाहतीत आधी किराणा दुकान, दवाखाना आणि इस्त्रीवाला लागतो, सराफ नंतर. सिलिंजरच्या पिढीतल्या रोजंदारांना या वाढीनं काम दिलं.

मार्चची घाई

हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि साखळी सामने एप्रिलात संपतात. पण अदलाबदलीची मुदत त्याआधीच, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये संपते. तोवर चित्र स्पष्ट झालेलं असतं. वरच्या संघांना बाद फेरी दिसत असते आणि एखादी जागा कच्ची वाटत असते. खालच्या संघांचा हंगाम संपल्यात जमा असतो. मग खालचे आपला तयार माणूस वरच्यांना देतात आणि बदल्यात तरुण पोरगा किंवा ड्राफ्टची पाळी घेतात. एकाला आजचं हवं असतं, दुसऱ्याला उद्याचं. सिलिंजरचे व्हँकुव्हर, फ्लॉरिडा, ऑटवा आणि सेंट लुइस हे चारही प्रवास मार्च महिन्यातले आहेत.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २००५-०६ चं. वयाच्या ३४ व्या वर्षी तो सेंट लुइसकडून आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळत होता: ४८ सामन्यांत २२ गोल. संघ मात्र तळाला चालला होता आणि त्या वर्षी लीगमध्ये शेवटचा आला. चांगला खेळतोय म्हणून ठेवावा, असा आपला हिशेब. त्यांचा हिशेब उलटा: चांगला खेळतोय म्हणूनच आत्ता द्यावा, कारण भाव आत्ता आहे. जानेवारीच्या शेवटी त्याला नॅशव्हिलला दिलं आणि एक तरुण रशियन फॉरवर्ड घेतला. नॅशव्हिलकडून त्यानं आणखी १० गोल केले. हंगामाचे ३२, त्याच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. नॅशव्हिल पहिल्याच फेरीत हरलं आणि उन्हाळ्यात तो आयलंडर्सकडे गेला.

हप्ते भरून उरलेले पैसे

२००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाहून गेला. तडजोड झाली तेव्हा पगाराची कमाल मर्यादा आली: २००५-०६ मध्ये प्रत्येक संघानं सगळ्या खेळाडूंवर मिळून ३.९ कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. २०२५-२६ मध्ये ही मर्यादा ९.५५ कोटींवर पोहोचली.

घरखर्चाचंच गणित आहे हे. घराचा हप्ता आणि मुलांची फी आधी कापली जाते. भाजी उरलेल्या पैशांत. दोन-तीन ताऱ्यांचे लांब मुदतीचे करार म्हणजे हप्ते, ते हलत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या तुकडीतला माणूस म्हणजे भाजी: एक वर्षाचा करार, किमान वेतनाच्या आसपास पैसे, पुढच्या वर्षी नवा बाजार. किमान म्हणजे २०२५-२६ मध्ये ७ लाख ७५ हजार डॉलर, तेव्हा डोळे पुसायचं कारण नाही. पण शाश्वती नाही. दुय्यम लीगमध्ये पाठवायचं म्हटलं, तर अनुभवी खेळाडूचं नाव आधी चोवीस तास यादीवर लावावं लागतं. तेवढ्या वेळात दुसरा कुठलाही संघ त्याला फुकट उचलू शकतो. सकाळी एका गावचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा.

चौदा आणि चौदा

आणखी एक कारण आहे आणि ते थोडं अवघड आहे: नशीब. त्यासाठी सिलिंजर जरा बाजूला ठेवून ली स्टेम्पनियाक हा दुसरा फिरस्ता बघू. डार्टमथ कॉलेजमध्ये शिकलेला, दहा संघांकडून खेळलेला फॉरवर्ड. २०१४, २०१५ आणि २०१६ या सलग तीन वर्षी मुदत संपता संपता त्याची अदलाबदल झाली.

२००९-१० मध्ये टोरांटोकडून ६२ सामन्यांत त्यानं १४ गोल केले. मार्चमध्ये त्याला फिनिक्सला दिलं. तिथे १८ सामन्यांत पुन्हा १४ गोल! काय झालं? हवा मानवली? काही अंशी साथीदार बदलले, जागा बदलली. पण मुख्य गोष्ट अशी, की या लीगमध्ये गोलवर मारलेल्या शंभर फटक्यांतले साधारण नऊ-दहाच आत जातात. बाकीचे गोलरक्षकाच्या पॅडवर नाहीतर हातमोज्यात. सोंगट्यांच्या खेळात एखाद्याला ओळीनं तीन वेळा हवं तेच दान पडतं. तेवढ्यानं त्याचा हात सिद्ध होत नाही. अठरा सामने म्हणजे असेच थोडे डाव. एखाद्याचे फटके महिनाभर आत जात राहतात, पुढचा महिनाभर जात नाहीत. माणूस तोच असतो.

संघाचा व्यवस्थापक मात्र या चढ-उतारावर निर्णय घेतो, कारण त्याचीही नोकरी पणाला लागलेली असते. मंदीत असलेला खेळाडू ‘संपला’ म्हणून स्वस्तात जातो. घेणाऱ्याच्या घरी दान फिरतं आणि तो शहाणा ठरतो. पहिल्या तुकडीतल्या ताऱ्याला वाईट महिना माफ असतो. चौथ्या तुकडीतल्याला तोच महिना दुसऱ्या गावी पोहोचवतो.

पन्हळीची धार

फोन आल्यावर काय होतं, त्यातली एकच गोष्ट जवळून बघू. स्केटचं पातं सुरीसारखं टोकदार असेल असं वाटतं. ते तसं नसतं. पात्याच्या तळाला पुढून मागे एक उथळ खोबण असते, पन्हळ उलटी धरावी तशी, आणि तिच्या दोन कडा याच दोन धारा. खोबण खोल असेल तर धारा बर्फात घट्ट रुततात, वळताना पकड मिळते, पण पाय लवकर थकतो. उथळ असेल तर सरसर घसरत जाता येतं, पण झटक्यात थांबता येत नाही. जड माणूस उथळ खोबण पसंत करतो, हलका खोल. पण शेवटी ज्याची त्याची सवय. धार लावणाऱ्यानं केसभर फरक केला तरी खेळाडूला पहिल्या वळणावर कळतं.

म्हणून नव्या गावी पोहोचल्यावर साहित्य सांभाळणाऱ्या माणसाशी पहिली बोलणी या खोबणीची. मग शर्टाचा नंबर. जुना नंबर इथे कोणाचा तरी असतोच. मग प्रशिक्षक फळ्यावर रेघा मारून सांगतो, शिक्षेच्या वेळी आमचा चौकोन असा सरकतो. आणि कित्येकदा त्याच संध्याकाळी सामना. बदलीच्या नोकरीत वाढलेल्या घरांना ठाऊक आहे, काही खोकी उघडायचीच नसतात. फक्त बँकेतली बदली बहुतेक मे-जूनमध्ये होते, शाळा संपल्यावर. यांची मार्चमध्ये.

कोलंबस

नितंबाच्या दुखण्यानं शेवटचे हंगाम खाल्ले आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये सिलिंजर निवृत्त झाला. त्यानंतर एडमंटन ऑयलर्सनं त्याला तरुण खेळाडू घडवण्याच्या कामावर घेतलं. बारांत नसलेलं हे तेरावं गाव.

त्यानं आपणहून निवडलेल्या दोन संघांतला पहिला कोलंबस. मे २००३ मध्ये तिथेच त्याचा मुलगा कोल जन्मला. पोर दहा आठवड्यांचंही झालं नव्हतं तेव्हा डॅलसमार्गे फिनिक्सची ती बदली आली आणि घरानं गाव सोडलं. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये कोल सिलिंजरला बाराव्या क्रमांकावर एका संघानं उचललं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये, अठराव्या वर्षी, तो एनएचएलमधला पहिला सामना खेळला. तो संघ होता कोलंबस.